पहिल्या दिवाळीची चौघडी आणि घरचं उटणं

घरात बाळाची पहिली दिवाळी असेल, तर आजीच्या जुन्या सुती साडीची चौघडी, म्हणजे चार पदरांची गोधडी, यासारखी दुसरी भेट नाही. पण साडीला कात्री लावण्याआधी घरात सगळ्यांना विचारा. आजी असेल तर साडी तिनेच निवडावी. ती नसेल तर मावशी, आत्या, काका सगळ्यांच्या कानावर घाला. कापलेली साडी परत जुळत नाही, आणि न विचारता कापल्याचं दुःख वर्षानुवर्षं राहतं.

साडी निव्वळ सुती आणि पुष्कळ धुतलेली हवी. सिंथेटिक साडी ओल शोषत नाही, शिवताना थर सरकतात. ओला पांढरा रुमाल साडीवर जोरात चोळून बघा. रंग उतरला तर ती साडी बाळासाठी नको. नवं कापड जुन्यात मिसळू नका. पहिल्या धुण्यात नवं आटतं, जुनं आटत नाही आणि सगळीभर चुण्या पडतात.

जरीचे काठ बाळाला टोचतात, म्हणून काठ आणि फॉल काढून टाका. उरलेला पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण 1 मीटर भरतो. साडेपाच मीटरच्या साडीतून 1 मीटरचे पाच चौकोन निघतात. चार पदर चौघडीला, पाचवा ठिगळांना, आणि उरलेल्या अर्ध्या मीटरातून 6 सेंटिमीटर रुंद पट्ट्या गोटाला, म्हणजे कडेला दुमडून शिवायच्या पट्टीला. प्रत्येक चौकोन उजेडासमोर धरा. विरलेला भाग दिसला तर तो चौकोन आतल्या पदरात जाऊ द्या. पुण्याच्या दिवाळीतल्या थंडीला चार पदर पुरतात. सहा घातले तर सुई जात नाही आणि धुतल्यावर वाळता वाळत नाही.

चारही पदर फरशीवर अंथरून सुरकुत्या हाताने बाहेर काढा. मग मधून कडेकडे, वीतभर अंतरावर, कच्चे टाके घाला. कंटाळा येतो, पण ही पायरी गाळली की वरचा पदर पुढे सरकतो आणि शेवटी एका कोपऱ्यात फुगा येतो. तो उसवल्याशिवाय जात नाही. कडेला गोट लावून घ्या, मग कडेपासून आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घाला. दोन ओळींत 2 सेंटिमीटर अंतर. दोरा सुती, हातभरच घ्या; लांब घेतला की गुंततो. टाका ओढून आवळू नका, कापड गोळा होतं. गाठ पदरांच्या आत दडवा. टिकल्या, मणी, बटणं, घुंगरू काहीही नको, बाळ ते तोंडात घालतं. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान पुण्यात तुळशीबागेत मिळतं, ते घ्याच.

ओळींची एकूण लांबी सुमारे 50 मीटर होते. तासाला अडीच-तीन मीटर धरले तर रोज एक तास बसून जवळजवळ तीन आठवडे लागतात. दसरा ते नरक चतुर्दशी 19-20 दिवसच असतात, त्यामुळे दसऱ्याला सुरुवात केली तर धाप लागते. घट बसतात तेव्हा कापड कापलेलं असावं.

मोठ्यांसाठी उटणं. 200 ग्रॅम मसूर डाळीचं पीठ, मुलतानी माती आणि वाळलेली संत्र्याची साल 50-50 ग्रॅम, आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा आणि गुलाबपाकळ्या प्रत्येकी 25 ग्रॅम. रोजची हळद घालू नका, अंग आणि टॉवेल पिवळे होतात. वाळा मिक्सरमध्ये दळला जात नाही, धागे राहतात आणि ओरखडे उठतात; काष्ठौषधींच्या दुकानातून त्याची पूड घ्या. सगळं दोन दिवस कडक उन्हात वाळवून मग दळा आणि वस्त्रगाळ करा. परतीचा पाऊस पडत असेल तर थांबा. दमट उटण्याला आठवड्यात जाळी धरते. कागदी पुडीऐवजी कोरड्या बाटलीत भरा, आणि चिठ्ठीवर सगळे जिन्नस व दळल्याची तारीख लिहा. एखाद्याला एखादी वनस्पती सोसत नाही, म्हणून आदल्या दिवशी मनगटाच्या आत लावून बघायला सांगा. हे तान्ह्या बाळाला लावू नका.

आता घेणाऱ्याचं काम. चौघडी एकदा साध्या पाण्यात धुऊन लगेच बाळाखाली घाला. ठेवणीत ठेवून माळ्यावर टाकली तर करणाऱ्याचे तीन आठवडे वाया गेले. उटणं अभ्यंगस्नानालाच वापरा. भेट घेताना किती खर्च आला हे विचारू नका, आणि फेड म्हणून दुसऱ्याच दिवशी दुकानातून महागडं काही आणून देऊ नका. बाटली परत करताना मात्र रिकामी देऊ नये, मूठभर चिवडा तरी घालावा. टाका उसवला किंवा उटणं खरखरीत लागलं तर ते मोकळेपणाने कळवा. करणाऱ्याला पुढच्या खेपेला तेवढंच हवं असतं. भेट लहान मुलांनी केलेला आकाशकंदील असेल, तर तो कलता असला तरी दारातच लावा, गॅलरीच्या कोपऱ्यात नाही.