‘डॉक्टर हू’ची कादंबरी वाचायला घेताना

पुस्तक हातात आलं की आधी मलपृष्ठावर बघा: यातला डॉक्टर कितवा, आणि सोबतीला कोण? बीबीसीची ही विज्ञानकथांची टीव्ही मालिका १९६३ साली सुरू झाली. तिचा नायक डॉक्टर हा काळात आणि अवकाशात फिरणारा परग्रहवासी. तो मरणाच्या दारात पोचला की त्याचा चेहरा बदलतो, स्वभावही बदलतो, आणि नवा नट ती भूमिका करतो. चौथा डॉक्टर (टॉम बेकर) ऐन संकटात समोरच्याला जेली बेबीच्या गोळ्या देऊ करतो, तर सातवा (सिल्व्हेस्टर मॅकॉय) सोबत्यांनाही पत्ता न लागू देता डाव रचतो. एकाचे संवाद दुसऱ्याच्या आवाजात वाचले की बेसूर लागतात. म्हणून पुस्तकातल्याच डॉक्टरची चार भागांची एखादी कथा आधी पाहून घ्या. जुने भाग साधारण २५ मिनिटांचे असतात, म्हणजे एका संध्याकाळचं काम. टार्डिस या त्याच्या यानाचा आवाजही नीट ऐका. पियानोच्या तारांवर किल्ली घासून तो तयार केला होता, आणि एकदा कानात बसला की पुस्तकात तो आपोआप ऐकू येतो.

मग पुस्तकाची जात ओळखा. १९७३ पासून निघालेली टार्गेट प्रकाशनाची पुस्तकं ही पडद्यावरच्या कथांची रूपांतरं. बरीचशी सव्वाशे पानांच्या आसपास, सोप्या इंग्रजीत. साठाहून अधिक एकट्या टेरन्स डिक्स यांची आहेत. सुरुवात त्यांच्यापासूनच करा. १९९१ पासून आलेल्या व्हर्जिन प्रकाशनाच्या ‘न्यू अ‍ॅडव्हेंचर्स’ मात्र स्वतंत्र आणि प्रौढांसाठीच्या कादंबऱ्या आहेत. ६१ पुस्तकांच्या या मालेत मधूनच शिरलं तर पात्रांमधले जुने ताण कळत नाहीत आणि पुस्तक पन्नाशीच्या पानावर सुटतं.

रूपांतराची खरी मजा हरवलेल्या कथांमध्ये आहे. बीबीसीने साठच्या दशकातल्या अनेक भागांच्या टेप पुसून टाकल्या, पण प्रेक्षकांनी घरी केलेल्या ध्वनिमुद्रणांमुळे सगळ्यांचा आवाज वाचला. एका भागाचा मजकूर वाचायचा, मग तेवढंच ऐकायचं. नुसतं ऐकलं तर शांत प्रसंगांत काय चाललंय ते समजत नाही. ती जागा पुस्तक भरून काढतं.

पडद्याशी ओळ न् ओळ ताडून पाहू नका. डेव्हिड व्हिटेकर यांच्या १९६४ च्या डालेक-कादंबरीत (डालेक म्हणजे डॉक्टरचे कट्टर शत्रू) डॉक्टरचा सोबती इयन स्वतः गोष्ट सांगतो, आणि ती मालिकेच्या पहिल्या भागातल्या भंगारवाड्याऐवजी लंडनमधल्या धुक्यातल्या बार्न्स कॉमन या माळावर सुरू होते. ही चूक नाही. त्याच्या तोंडून ऐकल्यामुळे डॉक्टर आपल्यालाही आधी संशयास्पदच वाटतो.

पॉल कॉर्नेल यांची ‘न्यू अ‍ॅडव्हेंचर्स’मधली ‘ह्यूमन नेचर’ (१९९५) मात्र तिच्यावरून केलेल्या २००७ च्या भागांआधी वाचा, नाहीतर त्यांतला डॉक्टर डेव्हिड टेनंट याचा चेहरा पानापानावर आडवा येतो. पडद्यावर डॉक्टर लपण्यासाठी माणूस होतो; पुस्तकात सातवा डॉक्टर ते स्वतःहून निवडतो, त्यामुळे त्याची किंमत जास्त बोचते. यातली सोबतीण बर्नीस आहे. ती मालेत पहिल्यांदा येते ते ‘लव्ह अँड वॉर’ (१९९२) त्याआधी उरकून घ्या.