कयाकवरून बास: पहिल्या फेरीआधीची तयारी

गळ पाण्यात टाकण्याआधी स्वतः पाण्यात पडून बघा. कयाकवरून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीवरून, बास हा गोड्या पाण्यातला मासा पकडायला शिकायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी यादी इथूनच सुरू करायला सांगते. रॉड, रील, ल्यूर (म्हणजे नकली आमिष) यांची खरेदी सुखाची असते, म्हणून ती आधी होते आणि पडायचा सराव राहून जातो. मी देवगडची. लहानपणी काकांबरोबर जेटीवर तंगूस बोटाला गुंडाळून गरवायला बसायचे. टेक्सासातल्या ऑस्टिनला येऊन कयाक घेतली तेव्हा वाटलं, मासे पकडणं तर आपल्याला येतंच. पण जेटी जागची हलत नाही. कयाकवर तुम्ही वळलात, वाकलात, रॉड जोरात ओढलात, की खालची जमीनच कलते. तेव्हा आधी ही जमीन ओळखीची करून घ्यायची.

सरावासाठी पोहायला परवानगी असलेली, मोटरबोटींच्या वाटेपासून लांबची जागा निवडा. ऑस्टिनमध्ये गावाच्या मधोमध लेडी बर्ड लेक आहे, पण तिथे पोहायला बंदी आहे. आम्ही इंक्स लेक स्टेट पार्कला गेलो होतो. पाणी छातीभर असेल तिथे मुद्दाम कलंडायचं. कयाक उलटी झाली तर तिच्या पोटावरून हात पलीकडे टाकून पलीकडची कड धरायची आणि आपल्या अंगावर ओढत ती सुलटी करायची. मग मधोमध येऊन दोन्ही कडा धरायच्या, पाय मारत शरीर पाण्यावर आडवं आणायचं आणि स्वतःला सीटवर ओढून घ्यायचं. आधी पोट, मग बूड, मग पाय, हा क्रम मोडला की कयाक पुन्हा उलटते. उभं राहून चढायला जाऊ नका. हे सलग तीनदा जमलं की पाय टेकत नाहीत इतक्या खोल पाण्यात करून बघा, सोबत कुणीतरी हवंच. मला पहिल्या दिवशी खोल पाण्यात एकदाही जमलं नाही, म्हणून पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. त्या दोन शनिवारांत कयाकमध्ये एकही रॉड नव्हता आणि मला आजही वाटतं की सगळ्यात जास्त मी त्याच दोन दिवसांत शिकले.

लाइफ जॅकेट अंगात हवं. टेक्सासच्या कायद्यानुसार कयाकवर माणशी एक जॅकेट असलंच पाहिजे आणि १३ वर्षांखालच्या मुलांनी ते घातलेलंच हवं. मोठ्यांना घालायची सक्ती नाही, म्हणून पुष्कळजण ते सीटमागे खोचून ठेवतात. पाण्यात पडल्यावर कयाक वाऱ्याने पुढे सरकते आणि तिच्याबरोबर जॅकेटही जातं. कयाकच्या उंच सीटला टेकता यावं म्हणून पाठीकडचा फुगीर भाग वर असलेली, मासेमारीची खास जॅकेटं मिळतात, ती घ्या. इथल्या उन्हाळ्यात हवा १०० अंश फॅरनहाइटच्या पुढे जाते, तेव्हासुद्धा ती अंगावर सहन होतात. जॅकेटलाच शिट्टी बांधा. आवाजाचं साधन जवळ असणं हाही नियमच आहे. पहाटे अंधारात निघणार असाल तर पांढरा दिवाही हवा.

कपडे हवेकडे बघून निवडू नका, पाण्याकडे बघून निवडा. बास अंडी घालायला उथळात येतो तो पाणी साठ अंश फॅरनहाइटच्या घरात पोचल्यावर, म्हणजे मध्य टेक्सासात साधारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत. माशाची ओढ सगळ्यात जास्त असते ते हेच दिवस. पण त्या सुरुवातीच्या आठवड्यांत दुपारी हवा पंचाहत्तर असली तरी पाणी पन्नाशीतच असू शकतं. तशा पाण्यात अचानक पडल्यावर पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो, त्यावर आपला ताबा नसतो. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असलं तर काय होईल, हे सांगायला नको. जीन्स आणि सुती टीशर्ट घरी ठेवा, लवकर वाळणारे कपडे किंवा वेटसूट घाला, आणि सुके कपडे गाडीत ठेवून द्या.

कयाकबद्दल फार लिहीत नाही. नवशिक्याला वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप बरी, दहा ते बारा फूट लांब आणि तेहेतीस-चौतीस इंच रुंद. आत शिरलेलं पाणी तळाच्या भोकांतून आपोआप निघून जातं. कयाकवर लिहिलेल्या कमाल वजनाच्या दोन-तृतीयांशापर्यंतच भार ठेवा, त्यात तुम्हीही आलात. विकत घेण्याआधी दोन-तीनदा भाड्याने घेऊन बघा, पाठ कशी राहते ते लगेच कळतं.

वाऱ्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. कोकणात पहाटेचे मतलई आणि दुपारचे खारे वारे सगळ्यांना तोंडपाठ असतात. इथे तसं वेळापत्रक नाही. हिवाळ्यात आणि वसंतात उत्तरेकडून थंड वाऱ्याची आघाडी येते तेव्हा तासाभरात हवा पार बदलते, आणि वसंतातल्या दुपारी विजांची वादळं उठतात. अंदाजात ताशी दहा मैलांच्या वर वारा असेल तर पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत तरी निघू नका. कमी असला तरी जाताना वाऱ्याच्या तोंडावर वल्हवत जा, म्हणजे दमल्यावर तोच वारा घरी आणतो. मी एकदा उलटं केलं. वाऱ्याबरोबर आरामात वाहत गेले, मासेही लागत होते, आणि परतताना दीड मैलाला दोन तास लागले. हात थरथरत होते आणि पाणी संपलं होतं. तेव्हापासून काठावर पोचल्यावर आधी वाऱ्याची दिशा बघते, मग कयाक उतरवते. गडगडाट ऐकू आला की गळ गुंडाळून काठ गाठायचा. हातातला रॉड म्हणजे आभाळाकडे धरलेली काठीच असते.

शिकायला लेडी बर्ड लेकच मला सगळ्यात आवडतो. १९६० साली लाँगहॉर्न धरण बांधून कोलोराडो नदीचा हा भाग अडवला गेला. पेट्रोलच्या मोटरबोटींना तिथे मनाई आहे, त्यामुळे लाटांचा त्रास नाही. मात्र वरच्या टोकाला रेड बड आयल पडतं ते टॉम मिलर धरणाच्या थेट पायथ्याशी. धरणातून पाणी सोडलेलं असलं की तिथे ओढ असते. त्या दिवशी तिथून उतरू नका.

आता रॉडकडे येऊ. साडेसहा ते सात फुटी मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड आणि २५०० आकाराची रील एवढ्यावर अख्खं वर्ष निघतं. रीलवर दहा पौंडी वेणीची दोरी, पुढे आठ-दहा पौंडी फ्लुरोकार्बनचा, म्हणजे पाण्यात सहसा न दिसणाऱ्या दोरीचा, तुकडा. हुक बांधायची पालोमार गाठ घरी टीव्हीसमोर बसून पंचवीस वेळा बांधा आणि प्रत्येक वेळी ओढण्याआधी ती ओली करा. बसून फेकायचा सराव अंगणात खुर्ची टाकून होतो, तेव्हा टोकाला हुक नको, नुसतं वजन लावा. ल्यूरच्या दुकानात जीव हरखतो, पण पहिल्या हंगामाला एकच पुरतं: मऊ प्लॅस्टिकचं पाच इंची गांडूळ, गडद हिरवट रंगाचं. ते टेक्सास रिगवर लावायचं, म्हणजे पुढे बंदुकीच्या गोळीसारखं छोटं शिसं आणि हुकाचं टोक गांडुळाच्याच अंगात लपवलेलं, म्हणजे शेवाळात अडकत नाही. फेकायचं, बुडू द्यायचं, थोडं उचलायचं, पुन्हा बुडू द्यायचं. बास दबा धरून बसणारा मासा आहे. गावाकडे तळ्यातला मरळ ज्यांनी पाहिलाय त्यांना त्याच्या जागा सांगाव्या लागणार नाहीत: पाणवनस्पतींची कड, पडलेलं झाड, धक्क्याखालची सावली. मोटरबोट जिथे शिरत नाही अशा वीतभर पाण्यात कयाक आवाज न करता जाते, आणि कयाकवरून बास धरण्याचं खरं सुख तेच आहे.

बरोबर नेलेलं सगळं बांधा. वल्हं दोरीने कयाकला, रॉड दोरीने, पक्कड दोरीने. फोन जलरोधक पिशवीत घालून जॅकेटच्या खिशात ठेवायचा, कयाकच्या पेटीत नाही, कारण कयाक दूर गेली तरी फोन तुमच्यापाशी राहिला पाहिजे. लोंबकळत्या दोऱ्या मात्र नकोत, पडल्यावर त्या पायात अडकतात. जॅकेटवर हाताला येईल असा छोटा चाकू लावून ठेवा. नांगर पहिल्या वर्षी नेऊच नका. वाहत्या पाण्यात बाजूला बांधलेला नांगर कयाक उलटवतो.

मासा लागला की तो कयाकला ओढत नेतो, नेऊ द्या. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना तिला अडवणारा ब्रेक, आधीच थोडा सैल ठेवलेला असावा. मासा गुडघ्यांच्या बाजूला आणायचा आणि आपलं डोकं कयाकच्या कडेच्या आतच ठेवायचं. हात जाईल तिथे डोकं नेलं की पडलातच समजा. जाळी रबराची घ्या, तिने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघत नाही. हात ओला करून अंगठ्याने खालचा ओठ धरा, बासचे दात कानशीसारखे खरखरीत असतात, चावत नाहीत. मासा मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्या, नुसत्या जबड्याला आडवा टांगू नका. हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकलेला असला तर हुक माशाच्या तोंडातून पटकन निघतो, आणि तुमच्या बोटात रुतला तरी तितकाच पटकन निघतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. १७ वर्षं पूर्ण झालेल्यांना मासेमारीचं लायसन्स लागतं. टेक्सासात सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलेल्याला रहिवाशाचा दर मिळतो. जूनच्या पहिल्या शनिवारी लायसन्सची गरज नसते, आणि स्टेट पार्कमध्ये काठावरून गरवायला एरवीही नसते. साधारण नियम १४ इंचांपेक्षा मोठे पाच बास दिवसाला असा आहे, पण तळ्यागणिक तो बदलतो. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला मासा सोडूनच द्यावा लागतो. त्या त्या तळ्याचा नियम निघण्याआधी वाचा आणि मोजपट्टी बरोबर घ्या.

गाडीच्या टपावर बांधताना रॅचेटचे, म्हणजे खटक्याने आवळायचे, पट्टे नकोत, जास्त आवळले तर कयाकचं प्लॅस्टिक दबतं. साधे बकलचे दोन पट्टे पुरतात, त्यांना एकेक पीळ द्या म्हणजे हायवेवर ते गुणगुणत नाहीत. पुढच्या आणि मागच्या टोकाला वेगळी दोरी हवीच.

परतल्यावर कयाक काठावरच तिरकी करून आतलं पाणी पूर्ण काढायचं, शेवाळ झाडायचं. हा कायदा आहे. २००९ साली लेक टेक्सोमात सापडलेले झेब्रा शिंपले आता ऑस्टिनच्या तळ्यांतही आहेत, आणि त्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं तळातल्या ओंजळभर पाण्यातून पुढच्या तळ्यात जातात. पण त्याआधी, पाय जमिनीला लागल्या लागल्या, घरी मेसेज करा. निघताना कुठून उतरणार आणि किती वाजता परतणार हे ज्यांना लिहून दिलंत, ते घड्याळाकडे बघत बसलेले असतात.