‘डोन्ट लूक अप’ पाहून विज्ञानाच्या इशाऱ्यांवर चर्चा कशी घडवावी

आपत्तीवरचा उपहासपट पाहिला की प्रेक्षक पडद्यावरच्या राजकारण्यांना हसून मोकळे होतात आणि विषय तिथेच संपतो. शास्त्रज्ञांचे न ऐकण्याची सवय समाजात कशी मुरते हे अशा चित्रपटातून समजून घ्यायचे असेल, तर पाहण्याची आणि बोलण्याची थोडी आखणी करावी लागते. सोलापुरातल्या एखाद्या वाचनालयाला किंवा महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळाला ती सहज करता येईल.

त्यासाठी ॲडम मॅके यांचा २०२१ सालचा ‘डोन्ट लूक अप’ घ्यावा. पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू दोन खगोलशास्त्रज्ञांना दिसतो, हातात जेमतेम सहा महिने उरलेले असतात आणि तरीही कोणी ते मनावर घेत नाही, एवढेच त्याचे कथानक आहे. लघुग्रहांचा शोध घेणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ एमी मेंझर या चित्रपटाच्या विज्ञान सल्लागार होत्या, त्यामुळे मूळ कल्पना पोरकट वाटत नाही. नेटफ्लिक्सचे घरगुती सभासदत्व जाहीर प्रदर्शनासाठी नसते. म्हणून सदस्यांनी तो आपापल्या घरी पाहावा आणि एकत्र यावे ते चर्चेसाठी. संवाद इंग्रजी आणि वेगवान आहेत, तेव्हा कथानकाचे एक पानी मराठी टिपण आधी वाटावे, आणि ज्यांना तेलुगू किंवा कन्नडमध्ये बोलणे सोपे जाते त्यांना चर्चेत तसे बोलू द्यावे.

पाहताना प्रत्येकाने वही जवळ ठेवून एकाच गोष्टीचा माग काढावा: शास्त्रज्ञाने सांगितलेल्या आकड्याचे पुढे काय झाले? राष्ट्राध्यक्षांच्या दालनातला प्रसंग यासाठी दोनदा पाहावा. टक्कर होण्याची शक्यता ९९.७८ टक्के आहे असे सांगितल्यावर, ती पूर्ण शंभर नाही याचाच तिथे दिलासा वाटतो आणि राष्ट्राध्यक्षा ती ७० टक्के धरून पुढे जायला सांगतात. आकडा कोणी बदलला, त्या क्षणी त्या माणसाला कशाची चिंता होती आणि समोरचा शास्त्रज्ञ किती अडखळत बोलला, या तिन्ही गोष्टी टिपाव्यात. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात तीच बातमी हसतखेळत सांगण्याचा आग्रह होतो, तिथेही हेच करावे. सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र त्यानंतरचा आहे. धूमकेतूची दिशा बदलण्यासाठी निघालेली मोहीम अर्ध्यातून माघारी बोलावली जाते, कारण त्यातल्या मौल्यवान खनिजांवर एका उद्योगपतीची नजर पडलेली असते. विज्ञान न कळल्यामुळेच त्याच्याकडे दुर्लक्ष होते असे नाही. ते नीट कळल्यावर, आपला फायदा आडवा आल्यामुळेही होते. माझ्या मते चर्चेचा निम्मा वेळ या एका मुद्द्याला द्यावा.

मग गाडी उजनी धरणावर आणावी. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य सोलापूरकराच्या तोंडी असते, पण त्यामागचा हिशेब फळ्यावर मांडणे उपयोगाचे ठरते. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यात उपयुक्त साठा सुमारे ५३.५ आणि मृतसाठा सुमारे ६३.५ टीएमसी आहे. उपयुक्त साठा संपून त्याच्या ३० टक्क्यांइतके पाणी मृतसाठ्यातूनही गेले, म्हणजे पातळी उणे ३० टक्क्यांवर आली, तरी धरणात ४७ टीएमसीहून अधिक पाणी असते. ‘धरण उणे ३० टक्क्यांवर’ आणि ‘धरणात अजून ४७ टीएमसी पाणी’ ही दोन्ही वाक्ये खरी आहेत, मात्र दुसरे ऐकणारा निर्धास्त होतो. यातले कोणते वाक्य कोणाला सोयीचे, हे शेतकरी, कारखानदार आणि शहरात काही दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट पाहणारे नागरिक यांच्या बाजूने एकेकाला बोलायला सांगावे. चित्रपटातला ७० टक्क्यांचा प्रसंग यानंतर निराळा दिसू लागतो.

आपल्या विनोदाचीही तपासणी करावी. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चित्रपट न ऐकणाऱ्याला हसतो आणि आपण सांगणाऱ्याला हसतो. मोसमी पावसाचा देशपातळीवरचा अंदाज दीर्घकालीन सरासरीच्या टक्क्यांत दिला जातो आणि ९६ ते १०४ टक्के पाऊस ‘सामान्य’ मानला जातो. देशात सामान्य पाऊस पडूनही पर्जन्यछायेतला आपला जिल्हा कोरडा राहू शकतो, आणि तेवढ्याने अंदाज खोटा ठरत नाही. हे समजावून सांगायला कृषी हवामानशास्त्राचा अभ्यासक बोलवावा. राजकीय वक्ता बोलवू नये, नाहीतर चर्चा भलतीकडेच जाते.

हा चित्रपट हवामान बदलाचे रूपक म्हणून पाहिला जातो. त्या रूपकाच्या मर्यादाही सांगाव्यात. धूमकेतू बाहेरून येतो आणि त्याची तारीख ठरलेली असते. तापमानवाढ आपल्याच धुराड्यांतून होते आणि तिला तारीख नाही. कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी किती तापेल याचे गणित स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये मांडले, १९५८ पासून हवाई बेटावरच्या मौना लोआ येथे या वायूची सलग मोजणी सुरू आहे आणि १९८८ मध्ये नासाचे हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे स्पष्ट इशारा दिला. उलट बाजूचे उदाहरणही हवे, म्हणजे प्रेक्षक हताश होत नाहीत: २६ सप्टेंबर २०२२ रोजी लघुग्रहाची वाट बदलता येते का हे पाहण्यासाठी नासाचे डार्ट यान, एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डिमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले आणि त्याचा प्रदक्षिणाकाळ सुमारे ३२ मिनिटांनी घटला.

शेवटचा अर्धा तास उष्णतेच्या इशाऱ्यांसाठी राखावा. हवामान विभागाचा पिवळा रंग लक्ष ठेवायला सांगतो, नारिंगी सज्ज राहायला आणि लाल तातडीने कृती करायला. गेल्या उन्हाळ्यात नारिंगी इशारा असताना आपण घरातल्या, कारखान्यातल्या किंवा शेतावरच्या कामाची वेळ बदलली का, हे प्रत्येकाने नाव न घालता चिठ्ठीवर लिहावे. चिठ्ठ्या तिथेच वाचून दाखवाव्यात, आणि ज्यांनी वेळ बदलली नाही त्यांची कारणे फळ्यावर एकाखाली एक लिहून पुढच्या बैठकीचा विषय त्यांतूनच ठरवावा.