घरच्या वेटलिफ्टिंग रॅकला बोल्ट कोणता?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत रॅक वेल्ड करून मिळतो, पण बोल्ट बहुतेकदा हाताला येईल तो लागतो. आणि बारबेलचं सगळं वजन शेवटी त्याच बोल्टांवर येतं.

१. जाडी १२ मिमी, ग्रेड ८.८. दुकानात ‘आठ-आठचा एचटी (हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणारा) बोल्ट’ मागा आणि डोक्यावर ८.८ कोरलेलं स्वतः बघा. कोरं डोकं असेल तर परत द्या. साधा ४.६ बोल्ट २४० मेगापास्कल ताणाला कायमचा वाकू-ताणू लागतो, ८.८ चा ६४० ला. फरक किमतीत थोडा, ताकदीत अडीचपटीहून जास्त.

२. फुल थ्रेड (पूर्ण लांबीवर आटे) नको, हाफ थ्रेड (फक्त टोकाकडे आटे) घ्या. पाईप आणि प्लेटचा सांधा जिथे घसरू बघतो तिथे बोल्टचा गुळगुळीत भाग यायला हवा. आटे आले की तिथे बोल्टची जाडी कमी होते. ६० मिमी पाईप आणि दोन्ही बाजूंना ५ मिमी प्लेट असेल तर ९० मिमी लांबीचा बोल्ट नटाला पुरतो, पण आटे नेमके सांध्यात येतात. १०० चाच घ्या.

३. भोक १३ मिमी, ड्रिलनेच. गॅसने पाडलेलं भोक वेडंवाकडं होतं, रॅक डुलतो.

४. दोन्हीकडे वॉशर, नट ८ ग्रेडचा नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा).

पाईप २ मिमीचा असेल तर आवळताना चेपतो. आत बुश (बोल्टभोवती बसणारा नळीचा तुकडा) टाका.

८.८ च्या बोल्टला वेल्डिंग मात्र कधीच करू नका, उष्णतेने त्याची ताकद उतरते.