रिबाउंडचा सराव: उडीच्या आधीचं काम आधी शिका

बास्केटबॉलमध्ये चुकलेल्या शॉटनंतर रिंगवरून किंवा तिच्यामागच्या बोर्डवरून उसळलेला बॉल पकडणं म्हणजे रिबाउंड. त्याचा सराव म्हटला की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार दिसतो. एक जण बोर्डवर बॉल मारतो आणि रांगेतला प्रत्येक जण आपली पाळी आली की उडी मारून तो पकडतो. याने उडी सुधारते, पण सामन्यातले रिबाउंड वाढत नाहीत. सामन्यात बॉल मोकळ्या जागेत पडत नाही. पाठीला एक जण चिकटलेला असतो, दुसरा बाजूने घुसत असतो आणि शॉट हातातून सुटल्यापासून रिंगला लागेपर्यंत जेमतेम एक-दीड सेकंद मिळतो. तेवढ्या वेळात तुमचे पाय कुठे गेले, यावर बॉल कुणाचा ते ठरतं. डेनिस रॉडमन १९९१-९२ ते १९९७-९८ असे सलग ७ हंगाम एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये रिबाउंडच्या सरासरीत पहिला होता. त्याची उंची २.०१ मीटर, म्हणजे त्या लीगमध्ये रिंगखाली खेळणाऱ्या कित्येकांपेक्षा कमीच. सोबत्यांचे शॉट कसे फिरतात आणि चुकले तर कुठे जातात, याचा तो बारकाईने अभ्यास करायचा.

म्हणून खालच्या सरावांचा क्रम बदलू नका. आधी बॉल ओळखणं, मग माणूस अडवणं, मग उडी आणि शेवटी बॉल हातात टिकवणं. अर्धं कोर्ट, २ बॉल आणि ४ ते ६ खेळाडू पुरतात, शेवटच्या तीनास तीनला मात्र ६ हवेत. आठवड्यातून ३ दिवस, दर वेळी ३०-३५ मिनिटं द्या. त्याआधी घोटे, पोटऱ्या आणि मांड्या गरम होतील इतका वॉर्मअप हवाच.

पहिली पायरी: बॉल कुठे पडणार ते ओळखा

या पायरीत कुणीही उडी मारायची नाही. एक खेळाडू पाच जागांवरून शॉट मारतो: दोन्ही कोपरे, दोन्ही बाजूंचे ४५ अंश आणि समोर. बाकीचे फ्री थ्रो लाइनच्या (फाउलनंतरचा मोकळा शॉट जिथून मारतात त्या रेषेच्या) आसपास उभे राहतात. शॉट सुटला की बॉल रिंगला लागायच्या आत प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं: ‘पलीकडे’, ‘अलीकडे’ किंवा ‘समोर’. दर जागेवरून १०, असे ५० शॉट. शॉट खरे हवेत, मुद्दाम चुकवलेले नकोत. मुद्दाम चुकवलेला बॉल नेहमीसारखा उसळत नाही आणि डोळ्याला चुकीची सवय लागते.

काही गोष्टी लवकरच लक्षात येतील. कोपऱ्यातून मारलेला शॉट चुकला तर बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला जातो, कारण किंचित लांब गेलेला बॉल रिंगच्या पलीकडच्या कडेला लागून त्याच दिशेने पुढे निघतो. कमी पडलेला शॉट अलीकडच्या कडेला आपटून मारणाऱ्याच्या बाजूला परत येतो. खेळाडू दमले की शॉट आखूड पडू लागतात, त्यामुळे सामन्याच्या शेवटी समोरच्या बाजूला लक्ष जास्त ठेवावं लागतं. सपाट शॉट जोरात उसळतो, उंच कमानीचा शॉट रिंगजवळ मऊ पडतो. आणि शॉट जितका लांबून, तितका रिबाउंडही लांब. तीन गुणांच्या रेषेबाहेरून, म्हणजे ६.७५ मीटरवरून चुकलेला बॉल बऱ्याचदा रिंगखालच्या गर्दीच्या डोक्यावरून निघून जातो.

यावरून उभं राहण्याची जागाही ठरते. रिंगखाली जमिनीवर अर्धवर्तुळ आखलेलं असतं, त्याची त्रिज्या १.२५ मीटर. त्याच्या आत उभं राहिलात तर जाळीतून खाली पडलेला बॉल तेवढा मिळेल. पाय नेहमी त्या रेषेच्या बाहेर असू द्या.

दुसरी पायरी: बॉक्सआउट

बॉक्सआउट म्हणजे समोरच्याला आपल्या पाठीमागे अडवून बॉलपासून दूर ठेवणं. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, दर सत्रात किमान १२ मिनिटं. उंची कमी असलेल्या खेळाडूला तर यासारखं दुसरं हत्यार नाही.

शॉट सुटला की पहिली नजर आपल्या माणसाकडे, बॉलकडे नाही. तो कुठून घुसतोय ते बघा आणि त्याच्या वाटेत एक पाऊल टाका. कोपरात दुमडलेला पुढचा हात त्याच्या छातीला लागला की त्याच पावलावर पिव्हट करून, म्हणजे तो पाय जागीच ठेवून फिरून, पाठ त्याच्याकडे वळवा. आता पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे वाकलेले, कंबर त्याच्या मांडीच्या उंचीला, पाठ ताठ. दोन्ही हात वर, कोपरं खांद्यांच्या रेषेत, पंजे उघडे आणि रिंगकडे. तो दिसत नसला तरी पाठीला जाणवत राहिला पाहिजे. तो डावीकडे सरकला की त्याचा भार डाव्या नितंबावर येतो. लगेच छोटी-छोटी पावलं टाकत त्याच बाजूला सरका. पाय जमिनीला खिळले की तो वळसा घालून पुढे आलाच म्हणून समजा.

*वर्तुळातला बॉल.* मधल्या वर्तुळाच्या केंद्रावर बॉल जमिनीवर ठेवा. एक खेळाडू बॉलकडे पाठ करून वर्तुळाच्या आत, दुसरा त्याच्यासमोर रेषेबाहेर. खूण मिळाली की बाहेरच्याने बॉलला हात लावायचा, आतल्याने त्याला बॉक्सआउट करून ५ सेकंद थोपवायचं. प्रत्येकी ५ वेळा, मग जागा बदला. पहिल्या आठवड्यात ३ सेकंदही पुरे. इथे रिंग नाही, उडी नाही, त्यामुळे पायांतल्या चुका लपत नाहीत.

*धावत येणाऱ्याला अडवणं.* बचाव करणारा रिंगजवळ, हल्ला करणारा तीन गुणांच्या रेषेवर. प्रशिक्षक हल्ला करणाऱ्याला पास देतो, बचाव करणारा हात वर करून धावत त्याच्यासमोर जातो. तो शॉट मारतो आणि लगेच आपल्याच रिबाउंडसाठी आत धावतो. शॉट मारणाऱ्यालाच मोकळं सोडणं ही बचावातली सगळ्यात महाग सवय आहे, कारण आपला शॉट आखूड गेला की लांब, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं. पाच वेळा अडवलं की जागा बदला.

इथे फाउल कसे होतात तेही नीट समजून घ्या. हात मागे नेऊन समोरच्याला कवटाळलं तर फाउल. कंबर मागे रेटत त्याला त्याच्या जागेवरून ढकललं तरी फाउल. आधी मिळवलेली जागा राखण्याचा हक्क तुम्हाला आहे, त्याला हलवण्याचा नाही. मागे राहिलेल्याने वरून हात घालताना तुमच्या अंगावर भार टाकला तर फाउल त्याचा. नुसता उंच हात वरून आला आणि स्पर्श झाला नाही, तर मात्र फाउल नाही.

तिसरी पायरी: उडी, पकड, उतरणं

रिंग ३.०५ मीटर उंच आहे, पण बहुतेक रिबाउंड रिंगच्या उंचीखालीच हातात येतात. त्यामुळे किती उंच उडालात यापेक्षा कधी उडालात हे मोठं. बॉल तुमच्या पूर्ण ताणलेल्या हातांपाशी उडीच्या सर्वोच्च क्षणी पोहोचला पाहिजे. लवकर उडालेला खेळाडू बॉल येतो तेव्हा खाली येत असतो.

*बोर्डवरून बाजू बदलणं.* फ्री थ्रोच्या आयताच्या (रिंगमागच्या बेसलाइनपासून फ्री थ्रो लाइनपर्यंत आखलेल्या भागाच्या) एका बाजूला, बोर्डपासून एखाद मीटर पुढे उभं राहा. बॉल बोर्डवर रिंगच्या वरच्या बाजूने असा मारा की तो आयताच्या दुसऱ्या कडेला पडेल. सरकत पलीकडे जा, दोन्ही पायांवर उडी घ्या, दोन्ही हातांनी पकडा, दोन्ही पायांवर उतरा आणि लगेच परत. १० पकडी झाल्या की ४५ सेकंद विश्रांती, असे ३ सेट. पाय आयताच्या रेषेबाहेर पडले पाहिजेत, नाहीतर सराव फार सोपा होतो.

*दुसरी उडी.* बॉल दोन्ही हातांनी बोर्डवर टॅप करत राहा, खाली उतरताच पुन्हा उडी. सलग ८ टॅप, मग नववा बॉल पकडून रिंगमध्ये. ३ सेट. गुडघे दर वेळी खोल वाकवू नका, घोट्यांतून झटकन उसळा. पहिल्या उडीत दोघा-तिघांचे हात लागून बॉल सुटतो, तेव्हा जो आधी परत हवेत जातो त्याला तो मिळतो.

पकडताना बोटं पसरून दोन्ही हातांनी बॉल खेचा आणि थेट हनुवटीखाली आणा. कोपरं बाहेर असू द्या, पण फिरवू नका. कोपर कुणाला लागलं तर फाउल, आणि तोंडावर बसलं तर दुखापत. बॉल कंबरेपर्यंत खाली आणणं ही नवख्यांची हमखास चूक. तिथे समोरच्या संघाचा लहान चणीचा, चपळ गार्ड टपलेलाच असतो.

उतरताना गुडघे पंजांच्या रेषेत वाकले पाहिजेत. ते आतल्या बाजूला झुकत असतील तर सेट तिथेच थांबवा. उड्यांचा आकडा पूर्ण करण्यापेक्षा गुडघा जपणं मोलाचं. एका सत्रात एकूण ७०-८० उड्यांपेक्षा जास्त नकोत, वाढत्या वयाच्या मुलांना याहूनही कमी.

चौथी पायरी: बॉल बाहेर काढणं

बचावातला रिबाउंड पास दिल्यावरच पूर्ण होतो. हवेतच मान जवळच्या साइडलाइनकडे वळवा. उतरलात की बेसलाइनच्या बाजूने, गर्दीकडे पाठ ठेवत पिव्हट करा आणि फ्री थ्रो लाइनच्या रेषेत साइडलाइनजवळ उभ्या सोबत्याला डोक्यावरून दोन्ही हातांनी पास द्या. रिंगसमोरून आडवा पास कधीच नको. तो अडवला गेला तर समोरच्याला रिंगखाली मोकळा बॉल मिळतो. तिसऱ्या पायरीतल्या प्रत्येक सेटची शेवटची पकड अशा पासने संपवा, वेगळा वेळ द्यावा लागणार नाही.

पाचवी पायरी: हल्ल्यातला रिबाउंड

बॉल रिंगला लागून पुन्हा हल्ला करणाऱ्या संघाकडे आला की शॉट मारायच्या मुदतीचं घड्याळ १४ सेकंदांवर लावलं जातं. पण पहिल्या दोन सेकंदांतच पुन्हा शॉट मारता आला तर उत्तम, कारण तेव्हा बचाव विस्कटलेला असतो.

बॉक्सआउटमधून सुटायच्या दोन चाली पुरेशा आहेत. पहिलीत एका बाजूला पाऊल टाकून हूल द्यायची, मग उलट बाजूचा हात अडवणाऱ्याच्या खांद्यावरून पोहल्यासारखा पुढे काढायचा आणि त्याच बाजूचा पाय त्याच्या पायापुढे टाकायचा. दुसरीत त्याच्या पाठीला टेकून भार द्यायचा आणि तो मागे रेलला की त्याच्याभोवती गिरकी घ्यायची. त्याच्या दंडाला धरून ओढलं तर फाउल आहे. एकास एक, प्रत्येक चाल ५-५ वेळा. बॉल मिळाला तर ड्रिबल न करता लगेच वर.

मात्र पाचही जणांनी आत घुसू नये. तिघे रिबाउंडला, एक फ्री थ्रो लाइनजवळ लांब उसळलेल्या बॉलसाठी आणि एक मागे, समोरच्यांचा वेगवान हल्ला अडवायला.

फ्री थ्रोला वेगळी ५ मिनिटं द्या. आयताच्या कडेने जास्तीत जास्त ३ बचाव करणारे आणि २ हल्ला करणारे उभे राहतात. रिंगजवळच्या दोन्ही जागा बचावाच्या. बॉल हातातून सुटेपर्यंत कुणी हलायचं नाही. सुटला की बचाव करणाऱ्याने आतला पाय शेजाऱ्याच्या वाटेत टाकायचा. तिसऱ्याचं काम एकच, फ्री थ्रो मारणाऱ्याला अडवणं, आणि नेमकं तेच विसरलं जातं.

सहावी पायरी: तीनास तीन

शेवटची ८-१० मिनिटं खेळात घाला. प्रशिक्षक कुठूनही शॉट मारतो, तिघे बचावात, तिघे हल्ल्यात. बास्केटला गुण नाहीत. बचावाने रिबाउंड घेऊन पास बाहेर काढला तर १ गुण, हल्ल्याने रिबाउंड घेतला तर २. बॉल जमिनीवर पडेपर्यंत बचावातल्या तिघांनीही आपापला माणूस अडवून धरला, तर बचावाला ३ गुण. आधी १५ करेल तो संघ जिंकला.

या खेळात एकाने कडेला बसून वही धरावी. शॉटगणिक प्रत्येकाच्या नावापुढे बॉक्सआउट केला की नाही, एवढंच टिपायचं. किती रिबाउंड मिळाले ते नाही. एखाद्याचे रिबाउंड कमी आणि बॉक्सआउट भरपूर असतील, तर बहुधा त्याच्यामुळेच शेजारच्याला बॉल मिळतोय. उलट रिबाउंड भरपूर पण बॉक्सआउट मोजकेच असतील, तर पुढच्या सत्रात त्याला वर्तुळातल्या बॉलपासून सुरुवात करायला लावा.