केळीची मृगबाग (जून-जुलैची लागवड) लावताना बुटकं रोप ओळखा

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळीची टिश्यूची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, रोपं शेतात उतरली की एक फोन हमखास येतो: "भाऊ, हे रोप रोगट आहे का?" दरवेळी ते रोगट नसतं. कधीकधी ते मुळातच बदललेलं असतं.

ग्रँड नैन या केळीच्या जातीच्या पेशीत 11 गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे एकूण 33. त्यामुळे फळात बी धरत नाही, कंदापासूनच पुढची केळ होते. मग जातीत फरक पडतो तो उत्परिवर्तनाने. कधी डीएनएतलं एखादंच अक्षर बदलतं, कधी गुणसूत्राचा तुकडा गळतो, दुप्पट होतो किंवा उलटा बसतो, तर कधी गुणसूत्रांची संख्याच चुकते. प्रयोगशाळेत एकाच कंदापासून फार वेळा फुटवे काढले की असे बदल वाढतात.

गेल्या खेपेला आमच्या ट्रेमध्ये काही रोपं ठेंगणी निघाली. पानं आखूड, रुंद, देठ एकमेकांना चिकटलेले. "पाणी दिलं की सुधारतील" म्हणून लावली, आणि निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडायच्या वेळी, घड गळ्यातच अडकले. खत-पाणी वर्षभर फुकट गेलं. म्हणून ट्रे उतरवतानाच शेजारच्या रोपांशी उंची ताडून बघा आणि बुटकी बाजूला काढा. एखाद्या पानाचा अर्धा भाग पांढरट पट्ट्याचा असेल, तर त्या रोपात बदललेल्या आणि चांगल्या पेशी एकत्र नांदताहेत. तेही नकोच. मात्र कोवळ्या पानांवरचे लालसर-जांभळे डाग पाहून घाबरू नका, टिश्यूच्या रोपांत ते असतात आणि पुढे जातात.

खरी गफलत होते ती हरण्या रोगाशी. पानावर पिवळ्या तुटक रेषा, कडा मुडपलेल्या, पोगा (मधलं न उलगडलेलं पान) सडू लागलेला, आणि आठवड्यात आजूबाजूची झाडंही तशीच दिसू लागली, तर तो कुकुंबर मोझॅक विषाणू. मावा ही कीड तो पसरवते. असं झाड मुळासकट उपटून बागेबाहेर खोल पुरा. बागेत काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरचीचं आंतरपीक घेऊ नका, बांधावरचं तण काढा. लागवडीनंतर पहिले दोन-तीन महिने आठवड्याला एक फेरी माराच. शंका आली तर पानाचा फोटो आणि झाडाची उंची घेऊन जळगावच्या केळी संशोधन केंद्रात किंवा पालच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

उत्परिवर्तित झाडाचा दोष शेजाऱ्याला लागत नाही, पण त्याच्या पिलात उतरतो. पिलबाग (त्याच झाडांच्या पिलांपासूनचं पुढचं पीक) ठेवणार असाल तर अशा झाडाच्या खोडावर आताच चुन्याचा पट्टा मारा, कापणीच्या गर्दीत ते ओळखू येत नाही.