ब्रिटनमधील विद्यापीठाला इंग्रजीचा पुरावा कसा द्यावा

ब्रिटनमध्ये एम.एस्सी.ला जायचे ठरले की पुष्कळ विद्यार्थी सर्वांत आधी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची फी भरून मोकळे होतात. हा क्रम उलटा आहे. ज्या कोर्सला अर्ज करायचा, त्याच्यापुढे दिलेली इंग्रजीची अट आधी पूर्ण वाचावी, कारण एकाच विद्यापीठात अभियांत्रिकीची अट वेगळी आणि कायद्याची वेगळी, बहुधा अधिक कडक असते. काही ठिकाणी तर परीक्षा द्यावीच लागत नाही.

काही विद्यापीठांना बारावीचे इंग्रजीचे गुण पुरतात. मात्र सीबीएसई, आयएससी आणि राज्य मंडळे यांना सहसा एकच माप लावले जात नाही, त्यामुळे महाराष्ट्र मंडळाचे नाव यादीत आहे का आणि किती टक्के मागितले आहेत, हे वेगळे पाहावे. दुसरा मार्ग म्हणजे पदवीचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचे पत्र, ज्याला सगळे एमओआय म्हणतात. ते महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक, सही आणि शिक्क्यासह घ्यावे, आणि त्यावर कार्यालयाचा अधिकृत ईमेल आवर्जून छापून घ्यावा; पडताळणीचा ईमेल तिकडून आला आणि येथे कोणी तो उघडलाच नाही, तर पत्र असून नसल्यासारखे होते.

परीक्षा द्यावीच लागली, तर पदवी आणि पदव्युत्तर प्रवेशासाठी आयईएलटीएसचा अ‍ॅकॅडमिक प्रकार निवडावा; जनरल ट्रेनिंग या दुसऱ्या प्रकाराचे गुण तेथे सहसा चालत नाहीत. फाउंडेशनसारख्या पदवीखालच्या वर्गासाठी व्हिसाच्या नियमांमुळे ‘आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय’ (यूकेव्हीआय म्हणजे ब्रिटनचा व्हिसा विभाग) ही मान्यताप्राप्त केंद्रावरची परीक्षा मागितली जाऊ शकते, म्हणून नोंदणी करतानाच विद्यापीठाला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे.

गुण वाचताना बहुतेकांची गफलत होते ती सरासरीत. समजा श्रवणात 7.5, वाचनात 7, लेखनात 5.5 आणि संभाषणात 7 बँड मिळाले. बेरीज 27, सरासरी 6.75, आणि .75 पुढच्या पूर्ण बँडवर जात असल्याने एकूण बँड 7 होतो. घरी पेढे वाटले जातात. पण अट ‘एकूण 6.5, कोणत्याही विभागात 6 पेक्षा कमी नको’ अशी असेल, तर लेखनातील अर्ध्या बँडपायी ती पूर्ण होत नाही. लेखनात दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे किमान 250 शब्दांच्या निबंधाचे, वजन पहिल्याच्या दुप्पट असते, तेव्हा एका तासातील चाळीस मिनिटे त्याच्यासाठी राखावीत. संगणकावर परीक्षा दिली असेल, तर 60 दिवसांच्या आत एकच विभाग पुन्हा देण्याची सोय आहे. ती प्रत्येक विद्यापीठ मानत नाही, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी हेही विचारावे. निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो, आणि ही दोन वर्षे अनेकदा अर्जाच्या नव्हे, तर कोर्स सुरू होण्याच्या तारखेपर्यंत मोजली जातात.

राहिले नाव. आपल्या बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि वडिलांचे नाव कधी असते, कधी नसते. परीक्षेची नोंदणी आणि प्रवेशअर्ज दोन्ही पासपोर्टवरील नावानेच, अक्षर न अक्षर जुळवून करावेत. गुणपत्रिकेवरील नावात फरक असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरी केलेले इंग्रजी प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडावे. मागणी येईपर्यंत थांबू नये.